सकाळ खाडीची, दुपार पिशव्यांची : ठाण्यातल्या एका स्क्रीन प्रिंटिंग गाळ्याची नोंदवही

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

वागळे इस्टेटमधला अर्धा गाळा, चार बाय सहा फुटांचं एक छपाईचं टेबल, दोन माणसं. डिसेंबर-जानेवारीत दोन कामं एकाच टेबलावर चालणार आहेत. एक, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण म्हणून २४० कापडी पिशव्या. दुसरं आपलं स्वतःचं छापचित्र: कोपरीच्या बाजूच्या खाडीतलं तिवर, ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी श्वसनमुळं, चार रंग, २४ प्रतींची आवृत्ती. नोंदी एकाच वहीत ठेवतोय, कारण टेबल, पाणी आणि हात दोन्हीकडे तेच आहेत.

आधी हिशेब. महिन्याचा पक्का खर्च: भाडं १३,०००, वीज २,२००, केमिकल आणि दुरुस्ती २,८००, फोन-प्रवास २,०००. झाले २०,०००. दोघांचा पगार प्रत्येकी २२,०००. एकूण ६४,०००.

कामाचे दिवस २४. आजवर ६४,००० ला २४ ने भागून दिवसाचा दर २,६६७ काढला जायचा आणि त्यावर भाव दिला जायचा. चूक इथेच होती. या २४ पैकी तीन दिवस भाव देणं, खरेदी, वसुली यात जातात. सहा दिवस स्वतःच्या कामाला हवेत. म्हणजे गिऱ्हाइकाच्या छपाईला उरतात १५, आणि त्या १५ दिवसांनी २४ दिवसांचं भाडं भरायचं असतं. ६४,००० भागिले १५ म्हणजे ४,२६७. दर ४,३०० धरला.

हे सहा दिवस दरात धरले नाहीत तर ते कुठून तरी चोरावे लागतात. बहुतेक वेळा रात्रीतून, आणि रात्री अकरानंतर केलेलं रजिस्ट्रेशन (रंगावर रंग नेमका जुळवणं) सकाळी बघवत नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

पक्क्या खर्चाबद्दल एक टिपण. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला, पुढे तो मळवलीला हलवला. देवादिकांची चित्रं घराघरात पोचली, तरी छापखाना कर्जात गेला आणि शेवटी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. चित्र खपणं आणि छापखाना चालणं हे दोन वेगळे हिशेब आहेत. आपल्याकडे यंत्र नाही, जर्मन कारागीर नाहीत, म्हणून खड्डाही लहान. पण असतो.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

पिशव्यांचा भाव, दोन रंगांत:

पिशव्या २५२ (१२ जास्तीच्या, खराबीसाठी), ३८ प्रमाणे ९,५७६. शाई १,१००. दोन स्क्रीनची (चौकटीवर ताणलेली जाळी, रंगाला एक) फिल्म आणि इमल्शन ७६०. टेम्पो ६००. चार दिवस १७,२००. एकूण २९,२३६, पिशवीमागे १२२ च्या आसपास. १२५ सांगितले.

महिला मंडळाच्या काकूंचं उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं: "ताई, बाजारात सत्तरला मिळते हो!" मिळते, खरंच मिळते, दहा हजार नगांच्या लॉटमध्ये, ठरलेल्या डिझाइनवर. घासाघीस झाली तर दर उतरवायचा नाही, काम उतरवायचं, हा नियम. एक रंग काढला की एक स्क्रीन जाते आणि एक अख्खा दिवस जातो. एका रंगाचा हिशेब: ९,५७६ + शाई ६५० + स्क्रीन ३८० + टेम्पो ६०० + तीन दिवस १२,९०० = २४,१०६. पिशवीमागे १०२ सांगितले, मान्य झाले. एकूण २४,४८०. निम्मे आगाऊ, १२,२४०. आगाऊ रकमेतून निदान सगळं सामान सुटलंच पाहिजे, इथे सुटतंय.

भावपत्रकात दोन ओळी कायमच्या घातल्या. पहिली: फिल्म निघेपर्यंत दोन दुरुस्त्या फुकट, त्यानंतर प्रत्येक बदलाला नवी फिल्म आणि नवी स्क्रीन यांचे पैसे. दुसरी: डिझाइनचा हक्क आमच्याकडे, हा भाव फक्त या २४० नगांच्या छपाईचा. दुसरी ओळ शोभेची नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन करून घेतलेलं चित्र, व्यक्तिचित्र किंवा एन्ग्रेव्हिंग यांचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो, उलट करार नसेल तर. आणि त्या कायद्यात एन्ग्रेव्हिंगच्या व्याख्येत छापचित्रंही येतात. म्हणून एक ओळ, दोन सह्या.

कोणीतरी फ्लेमिंगो मागितलाच. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला. गुलाबी पक्षी आता रिक्षापासून सोसायटीच्या फाटकापर्यंत सगळीकडे आहे. पिशवीवर हवा तर देऊ, त्यात कमीपणा नाही. आपल्या चार रंगांत मात्र तो नाही. तिथे चिखल आणि फार तर एखादा निवटा, चिखलातला मासा.

२ डिसेंबर, सोमवार

तिवराच्या चित्राचे रंग वेगळे केले. १. चिखलाचा राखी, सपाट, चित्राचा साधारण ७० टक्के भाग. २. ओल्या चिखलावरची पिवळसर चमक. ३. पानांचा मळकट हिरवा. ४. मुळं आणि सावली, जवळजवळ काळा, सगळ्यात बारीक. फिकटाकडून गडदाकडे. गडद रंग शेवटी ठेवला की आधीच्यांची बारीकशी चूक त्याखाली झाकली जाते. प्रत्येक रंग शेजारच्या रंगाखाली ०.३ मिमी सरकवून घेतला. कमी घेतलं तर पांढरी भेग दिसते, जास्त घेतलं तर कडेला घाणेरडी दुहेरी रेघ.

जाळी (नंबर म्हणजे सेंटिमीटरला धागे): पहिल्या तिघांना ७७ नंबर, चौथ्याला १२० नंबर पिवळी. पांढऱ्या जाळीत उजेड धाग्यातून आडवा पसरतो आणि बारीक रेघ दोन्ही बाजूंनी खातो. पिवळ्या जाळीत ते बरंच कमी होतं. पिशवीला ४३.

५ डिसेंबर, गुरुवार

कागद आला. पुण्याच्या हातकागद संस्थेचा, १९४० पासून चालू असलेल्या. ताव २२ बाय ३० इंच, मधोमध कापून १५ बाय २२. ताव ९०, म्हणजे अर्धा ४५. हातकागदाच्या कडा फाटलेल्या, लाटेसारख्या असतात आणि त्याच बघून लोक विकत घेतात, पण रजिस्ट्रेशनला त्या कडा निरुपयोगी. उपाय: प्रत्येक तावाला मागून पातळ प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या चिकटवायच्या, पट्टीला पंचिंग मशिनची भोकं, टेबलावर त्याच मापाच्या दोन खुंट्या. पट्टी शेवटी सोडवायची. मास्किंग टेपने चिकटवली तर हातकागदाची साल निघते. साधा गव्हाचा खळ वापरला, ओल्या बोळ्याने सुटतो.

३४ तुकडे घेतले. २४ प्रती, ३ कलाकार-प्रती (आवृत्तीच्या क्रमांकाबाहेरच्या), ७ खराबीला.

खर्च: कागद १,५३०, चार स्क्रीन १,८८०, रंग ९००, बटर पेपर-पुठ्ठा-पाकिटं ९६०. रोख ५,२७०. दिवस ७, म्हणजे ३०,१००. एकूण ३५,३७०, प्रतीमागे १,४७४. दुकान ४० टक्के घेतं, म्हणून १,४७४ भागिले ०.६, साधारण २,४५७. किंमत २,५०० धरली.

इथे नेहमीचा प्रश्न येतो: हे सात दिवस पिशव्यांच्या दराने आधीच भरले गेलेत, मग पुन्हा किमतीत का धरायचे? कारण कागदाच्या खर्चावर किंमत ठेवली, म्हणजे २२० रुपयांचं छापचित्र ५०० ला विकलं, तर पुढच्या वर्षी पिशव्या मिळाल्या नाहीत की छापचित्रंही बंद. आवृत्तीतून येणारे पैसे वेगळ्या खात्यात. त्यातून फक्त पुढचा कागद आणि फ्रेम.

९ डिसेंबर, सोमवार

चौथ्या रंगाची स्क्रीन बिघडली. जाळीवर इमल्शनचा लेप देऊन त्यावर फिल्मवरचं काळं चित्र ठेवायचं आणि उजेड द्यायचा; उजेड लागतो तिथे लेप घट्ट होतो, काळ्याखालचा धुऊन जातो. मुळांच्या टोकाच्या बारीक रेघा धुताना उघडल्याच नाहीत.

पहिला संशय जास्त एक्सपोजरवर गेला. पाच पट्ट्यांची चाचणी घेतली: स्क्रीनवर पुठ्ठा सरकवत ४०, ६०, ८०, १०० आणि १२० सेकंद. ६० ला आतल्या बाजूचं इमल्शन बुळबुळीत लागतं, म्हणजे कमी पडलं. ८० ला घट्ट, पण रेघा तरीही अर्ध्याच उघडतात. म्हणजे दोष वेळेत नाही. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली तर काळ्या भागातून ट्यूबचा आकार स्पष्ट दिसला. काळा पुरेसा काळा नव्हता. त्यातूनही उजेड झिरपत होता. नवी फिल्म काढताना फक्त काळी शाई आणि सगळ्यात जास्त घनता सांगायची. घाई असेल तर एकावर एक दोन फिल्म तंतोतंत जुळवून चिकटवायच्या. आणि फिल्मची छापलेली बाजू इमल्शनला टेकलेली हवी. उलटी ठेवली तर फिल्मच्या जाडीइतकं अंतर राहतं आणि तेवढ्यातून उजेड आत शिरतो.

इमल्शनचा लेप छपाईच्या बाजूने एक, स्क्वीजीच्या (रंग ओढायची रबरी पट्टी) बाजूने एक. सुकताना स्क्रीन आडवी, छपाईची बाजू खाली. आज गाळ्यात ६८ टक्के दमटपणा, सुकायला तीन तास लागले. ओलसर असताना उजेड दिला की पूर्ण धरत नाही, मग शंभर वेळा छापल्यावर सुईएवढी भोकं पडायला लागतात.

१२ डिसेंबर, गुरुवार

पिशव्यांचा नमुना धुतला. दुसऱ्या धुण्यात छाप फुटला, बोटाने पापुद्रा निघाला.

मांजरपाटाला खळ असते. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून लावलेली, आणि कोऱ्या कापडात ती तशीच राहते. पाण्याच्या शाईला धाग्यात शिरायचं असतं. ती खळीवर बसते आणि खळीबरोबरच धुऊन जाते. ओळखायचं कसं: पाण्याचा थेंब टाका. मोत्यासारखा टिकला तर खळ आहे, लगेच शोषला गेला तर नाही. खात्रीसाठी आयोडीनचा थेंब. निळा-काळा झाला की स्टार्च.

२५२ पिशव्या धुणं शक्य नाही. पाच-सात टक्के आकसतील, शिवणी तिरक्या होतील, इस्त्रीला आणखी दोन दिवस. पुरवठादाराने खळ काढलेल्या कापडाच्या पिशव्या चार रुपये जास्तीने बदलून दिल्या. १,००८ रुपये वाढले, शिवाय अर्धा दिवस त्यामागे. हे पैसे मंडळाकडे मागायचे नाहीत. भाव देण्याआधी एक पिशवी धुवायला हवी होती. भावपत्रकाच्या आतल्या नोंदीत आता एक ओळ: "नमुना धुतला का? तारीख?"

१६ डिसेंबर, सोमवार

तिवर, पहिला रंग. स्क्रीनच्या माध्यमात अॅक्रिलिक निम्मे-निम्मे, रिटार्डर (रंग उशिरा वाळावा म्हणून) ६ टक्के. राखी असा: पांढरा १०० ग्रॅम, जळका अंबर १८, काळा ७, अल्ट्रामरीन ४. चित्राला तावामागे दीड ग्रॅमही लागत नाही, पण स्क्रीनवर दीडशे ग्रॅम कायम पडून असावा लागतो, नाहीतर स्क्वीजीखाली रंग संपतो आणि पट्टे उठतात. म्हणून एकूण सुमारे २७५ ग्रॅम कालवला.

स्क्वीजी ७५ कडकपणाची, धार चौकोनी. स्क्रीन आणि कागद यांत दोन नाण्यांइतकं अंतर. सकाळी ९ ते ११, ३४ पैकी ३३ ठीक. पंखा बंद. पंखा लावला की जाळीतच रंग वाळतो आणि दहाव्या तावानंतर कोपरे छापले जात नाहीत. मधे थांबायचं असेल तर जाळीवर रंगाचा ओला थर ओढून ठेवायचा, कोरडी जाळी कधी सोडायची नाही.

पहिला रंग रात्रभर सुकायला हवा. सोमवार पूर्ण आपल्या कामाचा, म्हणजे उरलेला दिवस टेबल रिकामं. हे आधी लक्षात यायला हवं होतं.

१९ डिसेंबर, गुरुवार

दुसरा रंग, दुपारी तीन. सात ताव वाया.

खुंट्यांजवळच्या खुणा जुळत होत्या; समोरची कड पाहिली गेली नाही. आठव्या तावाला पाहिली तर तिथे जवळपास एक मिलिमीटरचा फरक. जाळी सैल आहे का पाहिलं, नाही. पट्ट्या सरकल्या का, नाही. मग ताव मोजला. सोमवारी सकाळी छापलेलं १३ इंची चित्र, म्हणजे ३३० मिमी, आता ३२९ भरतंय.

दोष दुपारचा. सकाळी नऊला दमटपणा ७० टक्के होता, दुपारी तीनला ३८. डिसेंबरात ठाण्याची सकाळ खाडीची असते, दमट, आणि दुपार कोरडी. कापसाचा कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो; एवढ्या फरकाला ०.३ टक्के म्हणजे काहीच नाही, पण ३३० मिमीवर तो एक मिलिमीटर होतो आणि आपण रंग सरकवला होता ०.३.

ताव दोरीवर तसेच ठेवले. उद्या सकाळी मोजून बघायचं.

२० डिसेंबर, शुक्रवार

सकाळी ८.३०, दमटपणा ६९. ताव पुन्हा ३३०. एका तावावर दुसरा रंग मारला, चारही कोपरे जुळले. उरलेले २५ साडेदहापर्यंत छापून झाले. हातात २६.

साडेतीनशे रुपयांचं दमटपणा मोजायचं हायग्रोमीटर टेबलाच्या पायाशी लावलं. भिंतीवर नको, भिंत वेगळं सांगते.

२३ डिसेंबर, सोमवार

वेळापत्रक बदललं. सोमवार पूर्ण आपला, ही पद्धत दिसायला छान, कागदाला मात्र मानवत नाही. एका दिवसात एकच रंग मारता येतो, तोही सकाळीच. दुपारी टेबल आणि दोन माणसं नुसती बसून. त्याऐवजी सहा पूर्ण दिवसांचे बारा अर्धे दिवस केले: आठवड्यातून तीन सकाळी, ८ ते ११, तिवर. दुपारी आणि उरलेल्या दिवशी गिऱ्हाइकाचं काम. पिशव्यांना कोरडी दुपार उलट सोयीची, कापडावर शाई लवकर सुकते. तास तेवढेच, दरही तोच ४,३००.

याचा एक तोटा आहे आणि तो लिहून ठेवायला हवा. पूर्ण दिवस कोणी सहज मोडत नाही. सकाळ मात्र एका फोनने मोडते. "जरा येऊन जाता का, दहा मिनिटांचं काम आहे" हे फोन नेमके साडेनऊला येतात. म्हणून ११ पर्यंत फोन गाळ्याच्या दारातल्या फळीवर. मंडळाला सांगितलं, दुकानदारांना सांगितलं. कोणाचंही काहीही अडलं नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

२४ तास पाणी बंद. काल संध्याकाळी पिशवीच्या स्क्रीनला उजेड देणार होतो, थांबलो ते बरं झालं. उजेड दिलेली स्क्रीन न धुता ठेवली तर इमल्शन अंधारातही हळूहळू धरत राहतं, दुसऱ्या दिवशी उघडत नाही. एका स्क्रीनला फवाऱ्याने दहा-पंधरा लिटर पुरतं. शंभर लिटरचे दोन पिंप कायम भरून ठेवायचे ठरलं.

काकूंचा निरोप: पतंग थोडा मोठा हवा. फिल्म निघून गेली होती. बदलाचे पैसे सांगितले, कुरकुर न करता दिले. ओळ आधीच लिहिलेली असली की बोलणं लहान होतं.

तिसरा रंग झाला, एक ताव वाया. हातात २५.

३ आणि ४ जानेवारी २०२५

पिशव्या, दोन दुपारी. पाण्याची पिगमेंट शाई: बाइंडर ७०० ग्रॅम, मरून पिगमेंट ४० ग्रॅम, फिक्सर दीड टक्का. फिक्सर घातल्यावर शाई सहा-आठ तासांतच वापरायची. उरलेली डबा बंद करून ठेवली तर सकाळी दही. म्हणून दोन दुपारींना दोनदा कालवली.

पिशवीच्या आत पुठ्ठा घालायचाच, नाहीतर शाई मागच्या बाजूला उतरते. पुठ्ठा शिवणीपेक्षा अर्धा इंच लहान. शिवण त्याच्या बाहेर खाली पडली पाहिजे. शिवण पुठ्ठ्यावर आली की स्क्रीन तिथे उचलली जाते आणि छापाला पांढरी कड राहते. पहिल्या सहा पिशव्या अशाच गेल्या. स्क्वीजी ६५, धार गोलसर, दोन हात, म्हणजे दोनदा ओढायची. एका हातात कापडाची पोकळ वीण भरत नाही.

एकाने पिशवी लावायची-काढायची, दुसऱ्याने छापायचं. तासाला ८५-९०. पहिल्या तासात कमी, शेवटच्या तासात चुका जास्त.

६ जानेवारी, सोमवार

सकाळी चौथा रंग, मुळं. दोन ताव वाया. एकावर रंगाचा खडा अडकून रेघ ओढली गेली, दुसरा उलटा लावला गेला. ३४ पैकी २३ चांगले. २४ प्रतींची आवृत्ती आता होत नाही. क्रमांक कधीही शेवटी घालायचे, हा नियम अशा दिवसासाठी असतो: २० प्रती, ३ कलाकार-प्रती. पेन्सिलने, डावीकडे क्रमांक, मधे नाव, उजवीकडे सही.

दुपारी पिशव्यांना हीटप्रेस. १६० अंश, ४० सेकंद, वर बटर पेपर. पहिले दहा सेकंद हलकंच दाबून वाफ जाऊ द्यायची. लवकर व्हावं म्हणून १८० केलं तर कोरं मांजरपाट पिवळं पडतं आणि चौकोनाचा डाग राहतो. शाई हाताला कोरडी लागते म्हणजे पक्की झाली असं नाही. एक पिशवी पाच वेळा धुतली, रंग टिकला.

१० जानेवारी, शुक्रवार

पिशव्या पोचवल्या, २४० मोजून, दहा-दहाचे गठ्ठे. उरलेले १२,२४० तिथेच मिळाले. पोचवण्याच्या दिवशी पैसे घेण्याची पद्धत मंडळांशी चालते, मोठ्या कंपन्यांशी नाही.

कामाचा खरा हिशेब: अंदाजात शिल्लक ३७४. पिशव्या बदलण्याचे १,००८ गेले. अर्धा दिवस जास्त लागला, २,१५०. म्हणजे २,७८४ तोट्यात, ठरवलेल्या दराच्या मानाने. जुन्या दराने हेच काम फायद्याचं दिसलं असतं, हे विसरायचं नाही. पुढच्या भावात अडचणीसाठी पाच टक्के वेगळे धरायचे.

२० जानेवारी, सोमवार

रविवारच्या शिकवणी-वर्गाची चौकशी आली. आठ जण, प्रत्येकी १,२००. ऐकायला ९,६०० एका दिवसाचे. सामान माणशी २५०, उरले ९५०. पण एक दिवस वर्ग आणि अर्धा दिवस तयारी-आवराआवर, म्हणजे ६,४५०. सात जणांना खर्च भागतो, आठव्यापासून कमाई. सहा आले तर घरचेच पैसे. शिवाय त्या आठवड्यात टेबलावर ओला कागद ठेवता येत नाही. महिन्यात एक, दहा जण, पैसे आगाऊ, नाहीतर नको.

तिवराच्या चित्राच्या पिशव्या करता का, असंही कोणी विचारलं. नाही. वीस प्रतींचं म्हणून विकलेलं चित्र १०० रुपयांच्या पिशवीवर आलं की घेणाऱ्याला फसवल्यासारखं होतं. त्याच वहीतली वापरात न आलेली निवट्यांची रेखाटनं आहेत, ती पिशवीवर चालतील. दोन गठ्ठे वेगळे केले, पाकिटांवर लिहून.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

हळदीकुंकवांचा मोसम संपला. आवृत्तीची किंमत नव्याने: रोख ५,११० (चार पाकिटं वाचली), दिवस ३०,१००, एकूण ३५,२१०, वीसने भागून १,७६०, दुकानाचा भाग धरून २,९३४. किंमत ३,०००. एका दुपारच्या कोरड्या हवेने प्रत्येक प्रतीवर ५०० रुपये चढवले.

थेट विक्रीलाही ३,००० च. दुकानात ३,००० आणि गाळ्यावर १,८०० असं केलं की दुकानदार पुढच्या खेपेला ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. आतापर्यंत थेट चार, दुकानातून दोन. १२,००० आणि ३,६००. खात्यात १५,६००. सामान सुटलं, दिवस अजून सुटायचेत.

१० फेब्रुवारी, सोमवार

उरलेल्या १४ प्रती सपाट, मधे बटर पेपर, वर-खाली पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल २०० ग्रॅम. जूनच्या आधी जेल तव्यावर तापवून पुन्हा भरायचं. पावसाळ्यात गाळ्यातल्या हातकागदाला आठ दिवसांत तपकिरी ठिपके येतात.

मंडळाने पुढच्या वर्षासाठी पिशवीची स्क्रीन ठेवायला सांगितली. वर्ष घालून फळीवर ठेवली. तिवराच्या चारही स्क्रीन आज स्ट्रिपर (इमल्शन काढायचं द्रावण) लावून धुतल्या. लावून दोन मिनिटं, वाळू न देता. जाळीवर स्ट्रिपर वाळला तर इमल्शन कायमचं बसतं. १२० नंबरच्या जाळीवर मुळांची पुसट सावली उरली आहे, छपाईत ती येत नाही. उद्या सकाळी आठला त्याच जाळीवर नवा लेप.